पंचायतीचा रेडिओ आणि गावाचे उत्तर

रोह्याहून कुंडलिकेच्या काठाकाठाने जाताना लागणाऱ्या एका गावात ग्रामपंचायतीची जुनी इमारत अजून उभी आहे. नवे कार्यालय झाल्यापासून तिथे मांडवाचे बांबू आणि ताडपत्र्या ठेवतात. चार वर्षांपूर्वी जमिनीच्या काही जुन्या नोंदी शोधत मी तिथे गेलो होतो. नोंदी मिळाल्या नाहीत. पण पुढच्या भिंतीवर, वाशाखाली, गंजलेला एक पत्र्याचा कर्णा दिसला. ओटीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले तर म्हणाले, "तो रेडिवचा. पंचायतीचा रेडिव होता. सांजच्याला लागायचा. ब्याटरी संपली का महिना महिना बंद."

"आणि ऐकून झाल्यावर काय करायचात?"

"काय करनार? ऐकायचो नि घरी जायचो."

हे उत्तर मी वहीत टिपून ठेवले आणि विसरलो. पुढे वर्षभराने मुंबईतल्या एका ग्रंथालयात युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केलेला एक अहवाल हाती आला. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरथ हे त्याचे लेखक. विषय होता पुण्याच्या आकाशवाणीने घाटावरच्या दीडशे गावांत केलेला एक प्रयोग. त्या गावांतही असाच रेडिओ होता. पण तिथली माणसे ऐकून लगेच घरी जात नव्हती. वाचता वाचता आमच्या गावातला तो कर्णा पुन्हा डोळ्यांसमोर आला. एकाच काळातल्या, एकाच राज्यातल्या या दोन रेडिओंत फरक कशाचा होता, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला. रेडिओ आणि पुढे इंटरनेट गावापर्यंत नेण्यासाठी आपल्याकडे कोणकोणत्या संस्थांनी काय काय केले, ते शोधत गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

परवान्याची पुस्तिका

सुरुवात मुंबईपासूनच करावी लागते. १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी मंडळींच्या बळावर पहिले कार्यक्रम प्रक्षेपित केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. कंपनी खासगी होती. परवान्याचे वर्षाला १० रुपये आणि आयात यंत्रांवरच्या रकमेतला वाटा हेच तिचे मुख्य उत्पन्न. परवानाधारकांची संख्या काही हजारांपुढे जाईना, आणि तेही बहुतेक शहरांतले. तीन वर्षांत कंपनी बुडाली, १९३० साली सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ च्या जूनमध्ये त्याचे 'ऑल इंडिया रेडिओ' असे नामकरण झाले.

यात एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८८५ च्या तार कायद्याने लहरींवरचा सगळा अधिकार सरकारकडे होता. नुसते ऐकायलाही परवाना लागे. बोलण्याचा, म्हणजे प्रक्षेपणाचा, प्रश्नच नव्हता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. पोलिसांना चकवण्यासाठी जागा बदलत बदलत तो जेमतेम तीन महिने चालला, नोव्हेंबरमध्ये पकडला गेला आणि चालवणाऱ्यांना तुरुंगवास झाला. स्वातंत्र्य आले तरी तो जुना कायदा तसाच राहिला.

माझ्या लहानपणी आमच्याकडेही परवान्याची पुस्तिका होती. वडील दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरत, शिक्का मारून आणत आणि ती रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत ठेवत. 'कामगारसभा' आणि 'वनिता मंडळ' ऐकायला सरकारची परवानगी लागते, याचे तेव्हा कोणालाच नवल वाटत नसे. ऐंशीच्या दशकात हे परवाने रद्द झाले.

ज्याला घरी यंत्र घेणे शक्य नाही त्याने काय करायचे? त्यावर सरकारी तोड म्हणजे सार्वजनिक रेडिओ. गावाने थोडी वर्गणी भरायची, उरलेला भार सरकारने उचलायचा, यंत्र चावडीत किंवा शाळेत कुलपात ठेवायचे आणि कर्णा बाहेर लावायचा. बहुतेक गावांत वीज नव्हती, म्हणून बॅटरी. आमच्या गावातला कर्णा याच पद्धतीचा वारस. या योजनेने गावात आवाज आणला, यात शंका नाही. पण तो आवाज येणारा होता, जाणारा नव्हता.

दीडशे गावांतली मंडळे

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात पुढे व्यंकटेश माडगूळकरांनी अनेक वर्षे काम केले, हे वाचकांना माहीत असेलच. या केंद्राच्या आधाराने १९५६ साली आकाशवाणी, युनेस्को आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून एक प्रयोग आखला. मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी जमत, शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले म्हणणे नभोवाणीला लिहून कळवत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्यांचे सूत्र होते. तिथला शेतकरी साक्षर होता, रस्ते आणि टपाल चोख होते. आपल्याकडे हे चालेल का, हा प्रश्न होता.

आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे आय.सी.एस. अधिकारी आणि हिंदीतले नावाजलेले नाटककार. 'कोणार्क' हे त्यांचेच नाटक. प्रयोगाचे मूल्यमापन पाहणारे पॉल न्यूरथ मूळचे व्हिएन्नाचे. नाझींनी त्यांना १९३८ साली आधी डाखाऊ आणि नंतर बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबले होते. तिथून सुटल्यावर ते अमेरिकेत पोहोचले, समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पाहुणे अध्यापक म्हणून टाटा संस्थेत आले. त्यांचे वडील ऑटो न्यूरथ यांनी, कमी शिकलेल्या कामगारालाही आकडेवारी समजावी म्हणून चित्रांची एक भाषा घडवली होती. वडिलांनी आकडे चित्रांत आणले; मुलगा सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यांत रेडिओवरचे बोलणे माणसांपर्यंत पोहोचते का, ते मोजायला आला.

निवडलेले जिल्हे पाच: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. गावे दीडशे. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोता मंडळ. त्यात शिकलेलेही आणि अक्षरशत्रूही, शेतकरीही आणि इतर धंद्यांतलेही असावेत, असा प्रयत्न होता. एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. चिटणिसाला लिहिता येणे आवश्यक, कारण खरे काम त्याचे होते.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे, सहकाराचे, ग्रामपंचायतीचे. मंडळ आधी जमे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचे. ऐकलेले आपल्या गावाला लागू पडते का? पडत असेल तर कोण काय करणार? चिटणीस ते लिहून घेई आणि शंका पुण्याला पाठवी. मंडळांच्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात.

आपल्या गावाचे नाव आणि आपल्या गावाचा प्रश्न रेडिओवर ऐकू येणे म्हणजे काय, हे आज कदाचित कळणार नाही. ज्या यंत्रातून तोवर फक्त मुंबई-दिल्ली बोलत होती, त्यातून आपण विचारलेली गोष्ट परत येत होती.

दिवसही साधे नव्हते. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले होते. जानेवारीत मुंबईत गोळीबार होऊन माणसे मेली होती. आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख तेव्हा केंद्रात अर्थमंत्री होते आणि मुंबईच्याच प्रश्नावर त्या वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. सरकारवर इतका राग असताना सरकारी रेडिओपुढे माणसे दहा आठवडे येऊन बसली, ती केवळ कुतूहलापोटी बसली असतील असे मला वाटत नाही. तिथे त्यांचे ऐकले जात होते.

टाटा संस्थेच्या मंडळींनी प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर गावकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. मंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना केली. निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळाच्या गावांत माहितीत मोठी भर पडली होती, आणि ती निरक्षर सभासदांतही पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत भर अगदी थोडी. काही मंडळांनी तर विहिरी खणणे, चांगल्या जातीचा वळू आणणे, बालवाडी काढणे असे निर्णयही घेतले. मंडळ म्हणजे गावातले बोलण्याचे आणि ठरवण्याचे एक नवे ठिकाण झाले, ही गोष्ट न्यूरथ यांना विशेष वाटली.

एक उणीवही सांगायला हवी. ही मंडळे जवळपास पुरुषांचीच होती. ज्या बायका विहिरीवरून पाणी आणत त्या विहिरीच्या चर्चेला नव्हत्या.

आमचा जिल्हा त्या पाचांत नव्हता. तेव्हा त्याचे नाव कुलाबा होते, रायगड हे नाव १९८१ साली आले. आमच्याकडे कर्णा आला, मंडळ आले नाही. त्या वृद्ध गृहस्थांचे "ऐकायचो नि घरी जायचो" हे वाक्य मला आता त्या अहवालाचे एका ओळीतले सार वाटते.

यंत्रे वाढली, बैठक मोडली

प्रयोग यशस्वी ठरला, म्हणून १९५९ पासून ग्रामीण श्रोता मंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पुढे घानासारख्या देशातही युनेस्कोने याच धर्तीवर काम केले. मंडळांचे आकडे हजारांत गेले. पण आकडा वाढला तसा जीव कमी झाला. पुण्याच्या प्रयोगात चिटणिसांना शिकवणारे, गावोगाव फिरणारे, पत्रे वाचणारे लोक होते. देशव्यापी योजनेत मंडळ स्थापन करणे हे विस्तार अधिकाऱ्याच्या दहा कामांतले अकरावे काम झाले. यंत्र बिघडले तर दुरुस्तीला कोणी येईना, बॅटरीचे पैसे कोणी द्यायचे हे ठरेना, पाठवलेल्या प्रश्नाला उत्तर येईना. उत्तर येत नाही असे दिसले की माणूस विचारणे सोडतो. कित्येक मंडळे केवळ कागदावर उरली.

त्यातच ट्रान्झिस्टर आला. त्याने रेडिओ चावडीतून उचलून शेताच्या बांधावर आणि गाईच्या गोठ्यात नेला. ही लहान गोष्ट नव्हे. गरिबाच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचे माध्यम आले. पण एकत्र बसण्याचे निमित्त त्याने संपवले. आणीबाणीनंतर नेमलेल्या बी. जी. वर्गीस समितीने १९७८ साली दिलेल्या अहवालात आकाशवाणी-दूरदर्शनला सरकारपासून स्वायत्त करण्याची शिफारस केली आणि स्थानिक केंद्रांचाही विचार मांडला. तो अहवाल बराच काळ कपाटात राहिला.

क्रिकेटच्या खटल्यातून उघडलेले दार

कोंडी फुटली ती अगदी अनपेक्षित बाजूने. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते, मुंबईत वकिली आणि न्यायदान केलेले आपले मराठी न्यायमूर्ती. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली व्हावा, असे न्यायालयाने सांगितले. मक्तेदारी सरकारची नको तशी खासगी पैसेवाल्यांचीही नको, हे न्या. जीवन रेड्डी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात बजावले.

भांडण क्रिकेटच्या पैशाचे होते. पण त्या निकालाचा आधार घेऊन काही संस्था कामाला लागल्या. बंगळूरच्या 'व्हॉइसेस' या संस्थेने १९९६ साली बैठक घेऊन सामुदायिक रेडिओची मागणी मांडली. आंध्रातल्या (आता तेलंगणात) मेदक जिल्ह्यात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी युनेस्कोच्या मदतीने ध्वनिमुद्रणाची खोली उभारली. परवाना मिळेना, म्हणून त्या वर्षानुवर्षे टेपवर कार्यक्रम भरत आणि आपल्या संघमच्या सभांत वाजवत. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटे गावी 'नम्म ध्वनी' चालवणाऱ्यांनी हवेतून बोलायची बंदी म्हणून केबलच्या तारेतून आवाज घरोघर नेला. परवानगी नाही म्हणून ही मंडळी थांबली नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

२००२ च्या अखेरीस सरकारने फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ साली सुरू झाले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' त्यानंतर आली. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. अटी अशा: संस्था ना-नफा तत्त्वावरची आणि किमान तीन वर्षे जुनी हवी, ती ज्यांच्यासाठी काम करते तो समाज ठरलेला हवा, मनोरा तीस मीटरपेक्षा उंच नको, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झालेले हवेत, आणि स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. प्रक्षेपकाची ताकद एवढीच की आवाज दहा-पंधरा किलोमीटर जावा. जाहिरातीला तेव्हा तासाला पाच मिनिटे. ती मर्यादा पुढे वाढली. मेदकच्या बायकांचा 'संघम रेडिओ' १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूर गावातून हवेत गेला.

म्हसवडचा आवाज

त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाले, ९०.४ मेगाहर्ट्झवर. माण तालुका कायम दुष्काळी. तिथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली बायकांची सहकारी बँक निघाली होती आणि तिच्या आगेमागे संस्थेची बाकीची कामे उभी राहिली. म्हणजे रेडिओच्या आधी अकरा वर्षे बायका एकत्र येत होत्या, व्यवहार करत होत्या, सभेत बोलत होत्या. रेडिओ आला तो या बैठकीत येऊन बसला. जात्यावरच्या ओव्या, बाजारभाव, डॉक्टरचा सल्ला, बचतीचे हिशेब, असे सगळे माणदेशी बोलीत. २०१२-१३ च्या दुष्काळात याच संस्थेने म्हसवडला गुरांची मोठी छावणी चालवली. चारा आणि पाणी हेच ज्या भागाचे जगणे, तिथे शेजारच्या माणसाच्या आवाजातला रेडिओ काय कामाचा असतो, हे घाटाखालच्या आम्हालाही समजू शकते.

उत्तर सातारा जिल्ह्यात १९५६ साली पुरुषांची मंडळे बसली होती. बावन्न वर्षांनी त्याच सातारकडच्या बायका माइकपुढे बसल्या. मधल्या काळात काय घडायला हवे होते, ते या दोन तारखांत दिसते.

महाराष्ट्रात इतरत्रही अशी केंद्रे उभी राहिली. सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळ बुद्रुकची 'येरळावाणी', अहमदनगरला स्नेहालय संस्थेचा 'रेडिओ नगर'. सगळ्यांची अडचण एकच, ती म्हणजे खर्च. २०१२ साली लहरींच्या वापराचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० वर नेण्यात आले. देशभरच्या केंद्रांनी आवाज उठवला तेव्हा ती वाढ मागे घ्यावी लागली. एखाद्या शहरी वाहिनीला ही रक्कम किरकोळ. ज्या केंद्रात गावची मुलगी दहावी झाल्यावर दोन-चार हजारांवर निवेदन करते, तिथे तेवढ्याने टाळे लागते.

वारणेचा संगणक

इंटरनेटची गोष्ट याच वाटेने गेली. १९९८ साली वारणानगरला एक मोठा प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थांच्या परिसरातली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडायची. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी खर्च वाटून घेतला. गावागावांत संगणक केंद्रे बसली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण असे सगळे त्यावर मिळणार होते. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून वर्तमानपत्रांतून त्याचे कौतुक झाले.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर शाखेतल्या संशोधकांनी जाऊन पाहिले, तर शेतकरी केंद्रावर येत होते ते मुख्यतः आपल्या उसासाठी. वजन किती भरले, खात्यावर किती, खत किती मिळणार. बाकीचा इंटरनेट जवळपास वापरात नव्हता. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर संदेश पाठवून हीच माहिती मिळण्याची सोय करून पाहिली आणि ती चालली. यावर कोणी म्हणेल की प्रकल्प फसला. मला तसे वाटत नाही. शेतकऱ्याने आपला प्रश्न स्वतः निवडला: माझ्या उसाचे काय झाले? बाकीची उत्तरे त्याने न विचारलेल्या प्रश्नांची होती.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या आय.आय.टी.चे. २००३ साली तिथल्या मंडळींनी 'अॅक्वा' नावाची प्रश्नोत्तरांची सोय तयार केली आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राशी जोडली. शेतकऱ्याने मराठीत विचारायचे, केंद्रातल्या तज्ज्ञाने उत्तर द्यायचे, आणि ते इतरांनीही वाचायचे. १९५६ च्या चिटणिसाचे पत्र आणि पुणे केंद्राचे उत्तर यांचाच हा नवा अवतार.

सरकारनेही पुढे बरेच केले. २०११ साली ग्रामपंचायतींत 'संग्राम' केंद्रे आली, नंतर 'आपले सरकार' सेवा केंद्रे. 'भारतनेट'ची तंतुवाहिनी पंचायतींपर्यंत आली. दाखला, उतारा, अर्ज यासाठी तालुक्याच्या खेपा कमी झाल्या. ही सोय मोठी आहे. पण दाखला मिळणे म्हणजे बोलायला मिळणे नाही.

दोन हजार वीस

या सगळ्याची परीक्षा २०२० साली झाली. टाळेबंदीत शाळा फोनवर गेली आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता ती मुले शाळेबाहेर पडली. तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून 'प्रथम' संस्था आणि प्रशासन यांनी 'शाळेबाहेरची शाळा' सुरू केली. पालघरच्या आदिवासी पाड्यांत दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिक्षेपकावरून 'बोलकी शाळा' भरवली. मुले अंतर ठेवून झाडाखाली बसायची, कर्ण्यातून धडा यायचा. दोन्ही ठिकाणी गावातले कोणीतरी मुलांसोबत होते. तोच जुना कर्णा, पण समोर बैठक होती.

आमच्याकडे ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. रोह्यात दुपारपर्यंत वीज गेली, संध्याकाळपर्यंत फोन मुके झाले. आमच्या आळीत पत्रे उडाले, आंब्या-फणसाची झाडे आडवी झाली. माळ्यावरून वडिलांचा ट्रान्झिस्टर काढला, घड्याळातले सेल त्यात घातले आणि मुंबईची अस्मिता वाहिनी खरखरत लागली. वादळ पुढे सरकल्याचे कळले. पण माझी बहीण ज्या गावात दिली आहे तिथला रस्ता उघडा आहे का, हे त्या रेडिओला विचारता येत नव्हते. चौथ्या दिवशी भाचा चालत आला, तेव्हा त्यांची खुशाली समजली. जिल्ह्यात कित्येक गावांत वीज यायला त्याहून पुष्कळ दिवस लागले.

पुढच्या वर्षी तळिये, नंतर इरसालवाडी. या जिल्ह्यात दर पावसाळ्यात डोंगर कोणाच्या तरी घरावर येतो. अशा भागात दहा-पंधरा किलोमीटरचा, विजेशिवाय चालणारा, आपल्याच बोलीतला आवाज आणि त्याला बातमी पुरवणारी गावोगावची वीस-वीस माणसे असणे ही चैन नाही. कातकरी वाडीवरच्या माणसाने "वरच्या बाजूला भेग पडली आहे" असे सांगितले, तर ते ऐकणारे कोणी हवे. त्यासाठी यंत्र लागते, परवाना लागतो, पैसा लागतो. पण पुण्यापासून म्हसवडपर्यंतचा इतिहास पाहता सर्वांत आधी बैठक लागते. ती असेल तर टेप चालते, केबल चालते, साधा मोबाइलही चालतो. ती नसेल तर तंतुवाहिनी येऊनही कर्णाच राहतो.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी पुन्हा त्या गावात गेलो. ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या नातवाने मला फोनवर ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअॅप गट दाखवला. पाणी कधी येणार, लसीकरण कधी, घरपट्टी कधी भरायची, सगळे त्यावर येते. मी म्हटले, "छान आहे. मग नळाला पाणी आले नाही तर तुम्ही यावर लिहिता का?"

त्याने स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवले. तिथे लिहिले होते की या गटात फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात.

"आमी वाचतो फक्त," तो म्हणाला.